कंट्रोलरांनी गाडीला ऊब आणली

थंडी माणसाला फार तर चार शिंका आणते. खरा घात करतात ते थंडीवरचे उपाय. कंट्रोलरांच्या बाबतीत हे सगळ्या वसाहतीने डोळ्यांनी पाहिले, आणि तरीही अर्ध्या वसाहतीचे म्हणणे असे, की उपाय बरोबर होते, थंडीच चुकीची पडली.

कंट्रोलर म्हणजे बस डेपोतले निवृत्त कंट्रोलर. नोकरीभर त्यांनी इतक्या बसगाड्या सोडल्या की मोजदाद नाही, पण चालवली एकही नाही. निवृत्तीनंतर हौसेने मोटार घेतली, तर तिने फाटकाच्या खांबाला जरा जोराचा मुका दिला आणि मुलाने किल्ली काढून घेतली. मग वसाहतीत गोल्फची गाडी आली. वसाहत टेकडीवर, फाटक तळाशी, मधला रस्ता असा चढाचा की म्हातारी माणसे एकदा खाली गेली की वर यायच्या विचारानेच अर्धी होत. कुठलेसे गोल्फचे मैदान बंद पडले, तिथली सहा जणांची बॅटरीवरची गाडी कमिटीने उचलून आणली. मागे गोल्फच्या काठ्या ठेवायचे कप्पे होते, त्यांत आता हातातल्या काठ्या आणि छत्र्या उभ्या राहू लागल्या. चालवायला कोण, असा प्रश्न सेक्रेटरींनी विचारायच्या आत कंट्रोलर स्टिअरिंगवर जाऊन बसले होते.

गाडी गुणी होती. एकच खोड. वर छप्पर, खाली पाय ठेवायला जागा, आणि दोन्हींच्या मध्ये निव्वळ हवामान.

उन्हाळ्यात याचे कौतुक झाले. मग थंडी पडली. गवतावर पांढरी बुरशी आल्यासारखे दव गोठू लागले, आणि एका सकाळी न्याहारीच्या टेबलावर कंट्रोलरांना लागोपाठ अशा शिंका आल्या की शेवटच्या शिंकेबरोबर चष्मा दुधाच्या पेल्यात पडला. बायकोने तो चमच्याने बाहेर काढला, पुसला, त्यांच्या नाकावर बसवला आणि निकाल दिला.

"नीट दिसतंय ना आता? मग नीट ऐका. माझ्या कानावर आणखी एक शिंक किंवा खोकला आला, की त्या गाडीची किल्ली वॉचमनच्या हातात."

"अगं, पण लोकांची सोय..."

"लोकांची सोय वॉचमन बघेल. तुमची छाती मला शेकावी लागते, लोकांना नाही."

बाहेर सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत. घरात कंट्रोल कुणाकडे होता हे वेगळे सांगायला नको. मोटार गेली होती, आता ही गेली की उरलेल्या आयुष्यात हातात धरायला फक्त पिशवीचे बंद राहणार, हे कंट्रोलरांना लख्ख दिसले. थंडी काढता येत नाही, गाडी सोडवत नाही. तेव्हा गाडीतच ऊब आणायची, असे त्यांनी ठरवले. माणूस ठरवतो तेव्हा सगळे किती सोपे वाटते!

पहिला उपाय साधा होता. कपडे. गंजी, सदरा, बिनबाह्यांचा स्वेटर, बाह्यांचा स्वेटर, कोट, त्यावर मुलाचा जुना रेनकोट, दोन कानटोप्या आणि मफलर. कंट्रोलर गाडीत बसले असे त्या दिवशी म्हणता येणार नाही, त्यांना गाडीत ठेवण्यात आले. मान वळत नव्हती, म्हणून उजवीकडे बघायचे असले तर ते गाडीच उजवीकडे वळवत. अशाच एका बघण्यात गाडी सेक्रेटरींच्या फुलांच्या वाफ्यात शिरली. सेक्रेटरी हातात पाण्याची झारी घेऊन तिथेच उभे होते.

"कंट्रोलर! ब्रेक!"

"दोन टोप्या आहेत हो, जरा मोठ्यानं!"

ब्रेक कुठे आहे हे कंट्रोलरांना माहीत होते. पण गुडघ्यात पाय वाकत नव्हता, त्यामुळे दोघांची भेट होत नव्हती. गाडी शेवटी झेंडूतून आणि गुलाबातून जाऊन आपल्या मनाने थांबली.

"कपडे बाहेरून वाढवू नका," बँकवाल्या काकांनी सांगितले. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस वसाहतीत सल्ल्यांची शाखा चालवत असे. कुणी खाते उघडलेले नसले तरी. "छातीला वर्तमानपत्र लावा. लांबचे ट्रकवाले हेच करतात."

दुसऱ्या दिवशी कंट्रोलर पुन्हा माणसाच्या आकाराचे झाले. फक्त हलले की वाजू लागले. डावीकडे वळले की अग्रलेख कुरकुरे, उजवीकडे वळले की छोट्या जाहिराती. शेजारच्या सीटवर गुडघेवाल्या आजी होत्या. आजींना रोज खाली फाटकाशेजारच्या व्यायाम केंद्रात गुडघ्यांसाठी जावे लागे, आणि ही गाडी खऱ्या अर्थाने कुणासाठी चालत असेल तर ती त्यांच्यासाठी.

"कंट्रोलर, तुमची हाडं वाजतायत का हो?"

"नाही आजी. अग्रलेख आहे."

"तरीच! आत काही नसताना आवाज केवढा."

आजी तोंडाने अशा, पण मनाने मायाळू. त्यांनी आपली रबरी शेकायची पिशवी देऊ केली. "गरम पाणी भरा आणि बुडाखाली घ्या. ऊब खालून वर चढते. शाळेत शिकवतात ते काही सगळंच खोटं नसतं."

पिशवीने खरोखर कमाल केली. कंट्रोलर पहिल्यांदा हसतमुखाने चढ उतरले. खाली फाटकाजवळ बायकांचा सकाळचा व्यायामाचा वर्ग हात वर करून उभा होता. त्यांच्या पुढ्यातच गतिरोधक आहे. गाडी उडाली, कंट्रोलर उडाले, आणि परत बसले ते पूर्ण वजनानिशी पिशवीच्या बुचावर. बूच गेले. वर्गाचे हात वरच राहिले. कंट्रोलर खाली उतरले, कारण बसून राहणे अशक्य होते, आणि उतरल्यावर लक्षात आले की उभे राहणे जास्त वाईट.

"पाणी आहे!" ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले. "गरम पाणी आहे!"

"गरमच असतं, कंट्रोलर," मागच्या सीटवरून बँकवाले काका म्हणाले.

त्या दिवशी कंट्रोलर संध्याकाळपर्यंत घराबाहेर पडले नाहीत. बायको त्यांच्या तोंडावर हसली नाही, हे तिचे उपकार. ती कपाटात तोंड घालून हसली.

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण शहाणी माणसे गोल्फची गाडी चालवायला पुढे होत नाहीत. कंट्रोलरांच्या ध्यानात आले की आपण आतापर्यंत माणूस गरम करत होतो, गाडी करायची राहिलीच. गाडीला चारी बाजूंनी पारदर्शक प्लॅस्टिकचे पडदे लावले की वाऱ्याचा प्रश्न मिटला. पडद्याला परवानगी हवी, म्हणून ते सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी वाफ्यात मेलेले गुलाब मोजत नव्हते, फक्त त्यांच्याकडे बघत होते. ते जास्त लागते.

"पडदे? चारी बाजूंनी?" सेक्रेटरींनी चष्मा काढला. "कंट्रोलर, तुम्हाला कल्पना आहे का तुम्ही काय म्हणताय? वर छप्पर असलेली उघडी जागा तुम्ही बंदिस्त करताय. याला आपल्या नियमात बांधकाम म्हणतात."

"अहो, पण तिला चाकं आहेत."

"चाकं आहेत म्हणून तर जास्त गंभीर. आज इथे बांधकाम, उद्या तिथे."

इथे सांगायला हवे की वसाहतीत गॅलऱ्यांचे भांडण जुने होते. निम्म्या लोकांनी गॅलरीला काचा लावून खोली करून घेतली होती, निम्म्यांनी त्याविरुद्ध तक्रारी केल्या होत्या. काचावाल्यांना वास आला, की गाडीला एकदा पडदे मंजूर झाले तर गॅलऱ्याही आपोआप मंजूर. बिनकाचावाल्यांनाही तोच वास आला. बघता बघता ज्यांनी जन्मात त्या गाडीत पाय ठेवला नव्हता ते तिच्या पडद्यावरून जिन्यात एकमेकांशी बोलेनासे झाले. कंट्रोलर जिथे जातील तिथे कुणीतरी त्यांचा हात हातात घेऊन "तुम्ही मागे हटू नका" असे सांगे, आणि पुढच्या वळणावर दुसरे कुणीतरी "तुम्हाला पुढे करून कोण खेळतंय ते आम्हाला कळतं" असे सुनावे. बिचाऱ्याला फक्त खोकला येऊ द्यायचा नव्हता.

शेवटी कमिटीने मधला मार्ग काढला. पडदा चालेल, पण तो उघडता आला पाहिजे. म्हणजे चेन हवी. चेन असली की ते बांधकाम नाही, कपडा आहे.

काम वसाहतीच्या कोपऱ्यावरच्या टेलरकडे गेले. टेलर सोफ्याची आणि मोटारींची कव्हरे शिवण्यात तरबेज. मापे घेतली, चेन लावली, शिलाई अशी की केस जाणार नाही. पहिल्या सकाळी आजी आणि बँकवाले काका आत बसले, कंट्रोलर स्टिअरिंगवर बसले, वॉचमनने बाहेरून सर्रकन चेन ओढून दिली आणि वारा खरोखर बंद झाला. आतली माणसे एकमेकांकडे बघून हसली. खाली व्यायाम केंद्रासमोर गाडी थांबली आणि कंट्रोलरांनी चेन उघडायला हात पुढे केला.

चेनला आतून ओढायला ओढणीच नव्हती.

"असेल हो, नीट बघा," बँकवाले काका म्हणाले. मग त्यांनी स्वतः नीट बघितले. मग त्यांनी प्लॅस्टिक ठोठावले.

रस्त्यावर माणसे होती, नव्हती असे नाही. पण आतल्या श्वासांनी पडदे धुकटले होते आणि बाहेरून दिसत होते ते फक्त तीन चेहरे आणि हलणारे हात. येणारा-जाणारा प्रत्येक जण प्रेमाने हात हलवून पुढे जात होता. एकाने तर टोपी काढली. व्यायामाच्या वर्गातल्या बायकांनी एकमेकींना सांगितले, की बघा, म्हातारपणी माणसाने असं हौशी असावं.

"उघडा!" कंट्रोलर ओरडले.

"मजेत!" बाहेरून उत्तर आले.

वर चहाला थांबलेला वॉचमन खाली फाटकावर आला तेव्हा सुटका झाली. आजींची व्यायामाची वेळ टळून गेली होती. तिथून कंट्रोलर तरातरा टेलरच्या दुकानात गेले.

"आतून ओढणी का नाही लावली?"

"आतून?" टेलरने कात्री खाली ठेवली. "मालक, इतकी वर्षं कव्हरं शिवतोय. कव्हर बाहेरून घालतात, बाहेरून काढतात. आतून कव्हर घालणारी मोटार मी अजून बघितली नाही."

"अहो, आत माणसं असतात!"

"ते आधी सांगायचं."

दोन्ही बाजूंनी ओढणी असलेली चेन मागवावी लागते, ती येईतोवर टेलरने चालकाच्या बाजूला हात बाहेर जाईल एवढी फट कापून दिली. आणि इथेच घोडे पेंड खायला लागले. मोकळ्या गाडीत वारा चारही बाजूंनी येऊन चारही बाजूंनी निघून जात असे. आता अख्ख्या टेकडीवरचा वारा रांग लावून त्या एका फटीतून येऊ लागला आणि थेट कंट्रोलरांच्या उजव्या कानात शिरू लागला. मागे बसलेल्यांना मात्र उबदार वाटे. "छान केलंत हो," ते म्हणत. कंट्रोलरांचा कान दुपारपर्यंत टोमॅटोसारखा असे. घशात काहीतरी हळूच खवखवू लागले होते, आणि जेवताना बायको त्यांच्या तोंडाकडे घड्याळजी घड्याळाकडे बघतो तसे बघू लागली होती.

"काही होतंय का?"

"छे! कुठं काय."

"आवाज बसलाय."

"गाडीत आतल्या आत मोठ्यानं बोलावं लागतं ना."

मग हीटर आला. बँकवाल्या काकांच्या माळ्यावर मोटारीत लावायचा छोटासा जुना हीटर होता. वसाहतीत पंखे आणि शेगड्या दुरुस्त करणाऱ्या वायरमनने तो गाडीच्या बॅटरीला जोडला. "चालेल," तो म्हणाला. काय चालेल आणि किती, हे त्याला कुणी विचारले नाही. आपल्याकडे "चालेल" ऐकले की माणसाचे समाधान होते.

हीटर कंट्रोलरांच्या शेजारच्या सीटवर ठेवला गेला, आणि गाडी अशी उबदार झाली की तिचे चालणेच कमी झाले. लोक येऊन बसत. "कुठं सोडू?" विचारले की म्हणत, "असू द्या, घाई नाही." वर्तमानपत्र वाचायला येत, निवडायची भाजी घेऊन येत. एक गृहस्थ तर बायकोशी भांडण झाले की येऊन मागच्या सीटवर झोपत. मागची सीट उलट्या तोंडाची, त्यामुळे कुणाशी बोलावे लागत नसे. आजी काठी टेकत येत, आतली गर्दी बघत आणि चालत जायला निघत. चढउताराच्या रस्त्यावर, गुडघ्यांसाठीच्या व्यायामाला, पायी. कंट्रोलरांना हे दिसत होते आणि सलत होते. पण उठा कुणाला म्हणायचे? सगळेच ज्येष्ठ, सगळेच सभासद.

अखेर कमिटी गाडीची पाहणी करायला आली. सेक्रेटरी, बँकवाले काका, आणि दर बैठकीला हो म्हणणारे दोघे. चौघे आत बसले, पडदा ओढला गेला, हीटर गुंगुं करत होता. थोड्या वेळाने सेक्रेटरींचा मफलर सुटला, मग कोटाचे बटण सुटले, मग कपाळावरची आठी सुटली.

"कंट्रोलर," ते मऊ आवाजात म्हणाले, "मी तुम्हाला फुलांबद्दल बोललो ते विसरा. असं सुख मला कमिटीत आजवर मिळालं नव्हतं."

"माझ्या मते," बँकवाले काका म्हणाले, "गाडी हलवली की फटीतून वारा येतो आणि ऊब वाया जाते. तेव्हा गाडी हलवूच नये."

"हो," एक जण म्हणाला.

"हो," दुसरा म्हणाला.

"ठराव," सेक्रेटरींनी डोळे मिटूनच सांगितले. "सदर गाडी थंडीपुरती एका जागी उभी ठेवून तिचा ज्येष्ठांसाठी उबदार कक्ष करावा. कंट्रोलरांनी कक्षप्रमुख म्हणून चालकाच्या जागी बसावं. घरीसुद्धा कुणाचा विरोध असायचं कारण नाही."

कंट्रोलरांनी समोर बघितले. घरी खरोखर विरोध झाला नसता. बायको म्हणाली असती, बसायला मिळतंय ना, मग झालं. किल्ली खिशात राहिली असती, स्टिअरिंग हातात राहिले असते, छाती उबेत राहिली असती. जे जे वाचवायला ते निघाले होते ते सगळे वाचत होते, फक्त गाडी चालणार नव्हती. नोकरीभर ते डेपोत उभे राहून दुसऱ्यांच्या गाड्या जाताना बघत आले होते. आता स्वतःच्या गाडीत बसून ती न जाताना बघायची.

तेवढ्यात धुकटलेल्या प्लॅस्टिकवर बाहेरून काठीचा ठोका पडला. आजींचा चेहरा पडद्याला चिकटला.

"कंट्रोलर! आज जाणार आहे का गाडी, की बारसं चाललंय आत?"

कंट्रोलरांनी फटीतून हात बाहेर घातला आणि चेन वरपर्यंत ओढली. समोरचा पडदा धरून छपरावर फेकला. शेजारच्या सीटवरचा हीटर उचलून मागे वळून सेक्रेटरींच्या मांडीवर ठेवला, कारण तेवढीच जागा होती.

"बसा आजी."

"अहो कंट्रोलर! ठराव झालाय!"

"ठराव झालाय, सह्या व्हायच्यात," कंट्रोलर म्हणाले आणि पाय दाबला.

उतारावर गोल्फची गाडी फार वेगाने जाते अशातला भाग नाही. पण वारा कापायला तेवढा वेग पुरतो. बाजूचे पडदे फडफडू लागले, सेक्रेटरींचा सुटलेला मफलर मागे उलट बसलेल्या दोघांच्या तोंडावर गेला, आणि ते दोघे आयुष्यात पहिल्यांदा "नाही, नाही" म्हणाले. बँकवाले काका थंडीने की भीतीने, पण प्रथमच सल्ला न देता बसले होते. आजी पदर कानाला घट्ट धरून म्हणाल्या, "वळणावर हळू. बाकी असंच." कंट्रोलरांच्या डोळ्यांतून वाऱ्याने पाणी येत होते आणि ते खुशाल येऊ देत होते.

गाडी व्यायाम केंद्रासमोर थांबली. आजी उतरल्या, काठी घेऊन आत गेल्या, अगदी वेळेवर. कंट्रोलरांनी पुन्हा पाय दाबला. गाडीने एकदा उसासा टाकला आणि गप्प झाली. बॅटरी हीटरने खाल्ली होती. चार्जिंगची सोय वर, गाडी खाली, मध्ये चढ.

"ढकला आता," सेक्रेटरी उतरत म्हणाले. "आणि तुम्हीही खाली उतरा. तुमच्याच कर्तबगारीनं हे झालंय, तुम्ही ऐटीत स्टिअरिंग धरून बसायचं नाही."

"मग वळवणार कोण?"

"सगळ्यात हलकं माणूस बसवायचं," बँकवाल्या काकांना सल्ला पुन्हा सापडला.

नेमक्या त्याच वेळी सगळ्यात हलके माणूस चढावरून झपाझप येत होते. गॅलरीतून तिने उघडी गाडी आणि उघडा नवरा पाहिला होता, आणि ती हात पुढे करूनच आली.

"किल्ली."

कंट्रोलरांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली, जसा शिपाई शस्त्र ठेवतो.

"काकू, बरं झालं आलात," सेक्रेटरी म्हणाले. "जरा बसा तिथं. चाक सरळ धरायचं, वळणावर डावीकडे. बाकी आम्ही ढकलतो."

"मी?" ती म्हणाली. मग तिने एकदा नवऱ्याकडे, एकदा स्टिअरिंगकडे बघितले आणि साडी सावरून बसली.

गाडी चढू लागली. मागून चौघे कमिटीवाले आणि पाचवे कंट्रोलर. पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या, दुसऱ्या वळणापर्यंत कोट निघाले, आणि वर पोचेपर्यंत सेक्रेटरी घामाने असे भिजले होते की हीटरची आठवण कुणी काढली नाही. पुढून आवाज येत होता, "अहो, जोर लावा! काका, तुम्ही नुसता हात ठेवलाय, मला आरशात दिसतंय!" कंट्रोलरांनी हा आवाज घरात खूप ऐकला होता. पण त्यात आनंद असलेला आज पहिल्यांदा ऐकला.

वर चार्जिंगपाशी गाडी लागली. टेलरचे पडदे तिथल्या तिथे उतरवले गेले. ठरावाचे पुढे काय झाले ते कुणी विचारले नाही. कंट्रोलर बायकोजवळ गेले आणि ती वॉचमनला कधी हाक मारते याची वाट बघत उभे राहिले. ती अजून सीटवरच होती, गाल वाऱ्याने लाल झाले होते, आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधून झाली होती.

"आजींना उद्याही जायचं असेल ना?"

"रोजच जायचं असतं."

"उद्याची सकाळची फेरी मी नेते," ती म्हणाली. "संध्याकाळची तुम्ही न्या. वळण कसं घ्यायचं ते मला जरा दाखवा."

तेव्हापासून गाडी वेळेवर सुटते. चारी बाजूंनी उघडी, वारा इकडून येतो, तिकडून जातो. आजींचे गुडघे पूर्वीपेक्षा बरे आहेत. आणि त्या घरात रोज पहाटे मोरीतला नळ जोराने सोडलेला असतो आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातलाही. नळाच्या आवाजाआड आत कोण खोकते आहे, हे दोघांपैकी कुणीही कुणाला विचारत नाही.